तक्रार: ब्राउझरमध्ये एमपी४ व्हिडिओ चालत नाहीत आणि दोष मात्र आमच्या इंटरनेटला

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: मिनी पीसीसोबत दिलेल्या ब्राउझरमध्ये एच.२६४ (एमपी४ फाइलमध्ये सहसा असणारा व्हिडिओचा प्रकार) व्हिडिओ न चालणे, तसेच आधीच्या तीन तक्रारी दुरुस्ती न करताच बंद करणे.

महोदय,

मी दहावीचे क्लास घेतो. जूनमध्ये तुमच्याकडून सहा मिनी पीसी घेतले, बिलाची प्रत सोबत आहे. लिनक्स, तुमचा स्वतःचा ब्राउझर आणि व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर, हे सगळं त्यात आधीपासून घातलेलं होतं. खोक्यावर ‘सर्व प्रकारचे व्हिडिओ चालतात’ असं ठळक छापलंय, त्या बाजूचा फोटोही जोडला आहे.

एखाद्या मुलाचा तास बुडाला तर त्याला तो नंतर बघता यावा, म्हणून मी शिकवताना फोनवर रेकॉर्डिंग करतो आणि क्लासमधल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवतो. मुलं ब्राउझरमधून ते उघडतात. निदान उघडावं अशी माझी अपेक्षा होती. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ या धड्याचा तास लावला, तर सहाच्या सहा स्क्रीनवर काळा चौकोन आणि फॉरमॅट चालत नसल्याचा संदेश. “सर, यूट्यूबवर टाका ना, तिथे चालतंय,” मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. रोगाची खूण त्याला दोन मिनिटांत सापडली होती.

पहिल्या तक्रारीवर तुमचं उत्तर आलं, ‘इंटरनेटचा स्पीड तपासा.’ फाइल त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर आहे, इंटरनेटचा इथे संबंधच येत नाही. दुसऱ्या वेळी तंत्रज्ञ आले. त्यांनी लॅनची केबल बदलली, यूट्यूब लावलं, “बघा सर, चालतंय की,” म्हणाले आणि सही घेऊन गेले. व्हिजिटचे ४५० रुपये वेगळे. तिसऱ्या वेळी कळवलंत की ब्राउझर ओपन सोर्स असल्यामुळे हे शक्य नाही.

हे तिसरं उत्तर वाचल्यावर मी स्वतः खोलात शिरलो. तुमचा ब्राउझर क्यूटी वेबइंजिन या वेबपेज दाखवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरवर बांधलेला आहे, म्हणजे आत क्रोमियमच (गूगल क्रोमचा खुला पाया). ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कोणता फॉरमॅट चालेल हे सांगणाऱ्या ‘कॅनप्लेटाइप’ने विचारलं, तर व्हीपी९ या दुसऱ्या व्हिडिओ प्रकारासाठी ‘प्रॉबेब्ली’ (बहुधा चालेल) उत्तर आलं आणि एच.२६४साठी नुसती रिकामी जागा, म्हणजे चालत नाही. यूट्यूब चालतं ते याचमुळे: तिथे व्हीपी९ मिळतो आणि तो मुक्त आहे. माझ्या फोनचं रेकॉर्डिंग एच.२६४ आणि एएसीचं (एएसी हा आवाजाचा प्रकार). तंत्रज्ञांनी यूट्यूब लावून जे दाखवलं, त्यातून माझ्या तक्रारीबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं.

क्यूटी वेबइंजिन बांधताना ‘प्रोप्रायटरी कोडेक्स’ नावाचा एक पर्याय असतो (कोडेक म्हणजे व्हिडिओ किंवा आवाज दाबून साठवणारा आणि पुन्हा उलगडणारा भाग). मुळात तो बंद असतो, आणि त्याला कारण आहे. एच.२६४ हे २००३ सालचं मानक, त्यावर पेटंट आहेत, आणि असा कोडेक ग्राहकाला देणाऱ्याने लायसन्सची जबाबदारी घ्यावी असं क्यूटीचे कागदपत्र स्पष्ट सांगतात. मूळ प्रकल्पाने पर्याय बंद ठेवला याबद्दल माझी तक्रार नाही. पण ब्राउझरचं पॅकेज, म्हणजे मशीनवर बसवायचा तयार संच, तुम्ही बांधता, खोक्यावरची ओळ तुम्ही छापता आणि पैसे तुम्ही घेता. तो पर्याय चालू करून पॅकेज पुन्हा बांधणं तुमच्याच हातात आहे. बांधायला काही तास लागतील, मशीनला रॅमही भरपूर लागेल, मान्य. पण ‘शक्य नाही’ हे खोटं आहे. फेडोरा हे लिनक्स वापरणाऱ्यांना आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या सॉफ्टवेअर-साठ्यावरून कोडेकसह बांधलेलं वेबइंजिन मिळालेलं आहे. सोर्स खुला आहे म्हणूनच हे करता येतं. तुम्ही तेच कारण उलटं करून मला सांगितलंत.

लायसन्सचं कारण पुढे करणार असाल, तर तीच फाइल तुम्हीच घालून दिलेल्या व्हीएलसीमध्ये सुरेख चालते. म्हणजे एच.२६४ उलगडणारा कोडेक तुम्ही प्रत्येक मशीनसोबत देतच आहात! एका प्रोग्रामात तो चालतो आणि शेजारच्या प्रोग्रामात कायदा आडवा येतो, हे मला उमगलेलं नाही. शिवाय एच.२६४च्या पेटंट पूलच्या (पेटंटधारकांच्या एकत्रित गटाच्या) जाहीर दरांनुसार वर्षाला पहिल्या १,००,००० नगांवर रॉयल्टी पडत नाही, करार तेवढा करावा लागतो. एएसीचं लायसन्स वेगळं असतं, तेही मला ठाऊक आहे. हा हिशेब माल बाजारात आणण्यापूर्वी तुम्ही करायचा होता, दहावीच्या मास्तराने नव्हे.

सगळी रेकॉर्डिंग व्हीपी९मध्ये बदलून घ्या, असं फोनवर सुचवलं गेलं. एक तास बदलून पाहिला. आमच्या मशीनवर ते काम रात्रभर चाललं, आणि असे ४० तास आहेत.

माझी मागणी अशी. कोडेकसह बांधलेलं ब्राउझरचं पॅकेज अपडेट म्हणून द्या आणि पुढच्या अपडेटमध्ये ते पुन्हा जाणार नाही हे लेखी कळवा, कारण तुमच्या अपडेटने मागे प्रिंटरची सेटिंग पुसली होती. ते जमणार नसेल, तर सहाही मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. व्हिजिटचे ४५० रुपये दोन्ही बाबतींत परत हवेत. खोक्यावरची ओळही बदला.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही.

तंत्रज्ञ पुन्हा पाठवणार असाल, तर या पत्रासोबतच्या पेन ड्राइव्हवर अपवर्तनाच्या तासाची फाइल आहे. त्यांनी ती तुमच्या ऑफिसात, तुमच्याच ब्राउझरमध्ये एकदा लावून पाहावी आणि मगच निघावं.

आपला,
एक ग्राहक