नानांचा बंद पंखा

तीर्थस्वरूप नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे. मोबाइल तुम्हाला फोन उचलण्यापुरताच लागतो. तेव्हा नात वाचून दाखवेल. तिला आधीच सांगते, बाई, अवघड शब्द आला की गाळ आणि पुढे जा. त्यातलं महत्त्वाचं तुझ्या आजोबांना माहीत आहे.

परवा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुमच्याकडे येऊन गेले, तेव्हा हे तोंडानंच सांगायचं होतं. पण आधी चहा झाला, मग खापरावरची पुरणपोळी, मग कोण कुठे दिली, कोणाला किती लेकरं. राहून गेलं. खरं कारण वेगळंच आहे, ते शेवटी सांगते.

आमच्या धंद्यात शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायची पद्धत आहे. डिसेंबरात माझा निबंध छापून आला, अकरा वर्षांच्या कामाचा. आभारात मी पैसे देणाऱ्या संस्थांची नावं घातली, सूक्ष्मदर्शकाचं नाव घातलं, संगणकाच्या तासांचेही आभार मानले. यंत्राचे मानले, नाना, आणि तुमचे मानले नाहीत. ‘बालपणीच्या आठवणी इथे नकोत’ असं मीच स्वतःला समजावलं. छापील पान हातात आलं त्या रात्री झोप लागली नाही.

1998 चा एप्रिल. अकरावीची परीक्षा संपलेली. पुस्तकात स्फटिकाचं एक चित्र होतं, आणि आमच्या ओट्यावर केळीवर मारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद पोत्यात पडून होतं. त्याचा एक मोठा खडा वाढवून बघायचा, एवढीच माझी हौस. घरी जागा नव्हती, लहान भावंडं कशातही हात घालत. म्हणून कॉलेजात विचारायला आले.

विभागाच्या सरांनी किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत विचारलं, “सिलॅबसमध्ये आहे का हे?” मी नाही म्हटलं. “मग सुट्टीत लॅब उघडायची, तर लाइटबिल कोण भरणार? तुझे वडील?” त्यांचा चेहरा आता धूसर झालाय, पण तो जुडगा अजून डोळ्यांसमोर खुळखुळतो. पुढे माझी पीएच.डी. झाल्यावर याच सरांनी सत्काराला शाल आणली आणि ‘ही आमच्याच प्रयोगशाळेत घडली’ असं भाषण ठोकलं. मी हसून ऐकून घेतलं. शाल मात्र आईनं गहू झाकायला काढली.

तुम्ही तिथले शिपाई, तेव्हा दाराशी बादली घेऊन उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून स्टोअररूम दाखवलीत, तुमच्या बसायची जागा. एक खुर्ची, एक माठ आणि सगळ्या इमारतीत चालू असलेला बहुधा एकच पंखा. कपाटातून चंचुपात्र काढलंत (बीकर हा शब्द मला तेव्हा ठाऊकच नव्हता), शिंप्याकडून नायलॉनचा दोरा आणलात. मोरचूद गरम पाण्यात विरघळवून फडक्यानं गाळलं, गार झाल्यावर दोऱ्याला बारीकसा कण बांधून सोडला. मी म्हटलं, “नाना, याला धक्का नको आणि वारा नको.”

पहिला कण दुसऱ्या दुपारी गायब. उन्हानं द्रावण तापलं आणि तो परत विरघळला. आपल्याकडचा एप्रिल म्हणजे भिंतसुद्धा हाताला चटका देते. तुम्ही लोखंडी घमेल्यात ओली वाळू भरून त्यात पेला रोवलात आणि खिडकीला गोणपाट लावलं. मी दुसरा कण बांधला.

आणि तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही खुर्चीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसला होतात. सदरा पाठीला चिकटलेला. पंखा बंद. हातात वहीचा पुठ्ठा होता, त्यानं वारा घेत होतात, तेसुद्धा पेल्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, म्हणजे पुठ्ठ्याची झुळूकही तिकडे जायला नको. मी काही विचारायच्या आत म्हणालात, “तुना खडाले वारा नको ना, बेटी? पंखा बंद शे.”

नऊ दिवस, नाना. सकाळी अकरापासून साडेपाचपर्यंत.

नवव्या दिवशी दोरा वर काढला तर टोकाला वालाच्या दाण्याएवढा निळा खडा. तिरक्या कडांचा, एकही कोपरा काटकोनात नाही. तुम्ही तो तळहातावर घेतला नाहीत, घाम लागेल म्हणून. नुसते वाकून बघत राहिलात.

मला पुढे काय कळलं ते सांगते. 1912 साली जर्मनीत म्युनिकला माक्स फॉन लाउए नावाच्या माणसाला वाटलं, की क्ष-किरण स्फटिकातून गेले तर आतल्या अणूंच्या रांगांमुळे ठरावीक दिशांनाच पुंजके पडतील. फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी प्रयोग करून बघितला. फोटोच्या काचेवर खरंच ठिपके उमटले. त्यांनी स्फटिक घेतला होता तो मोरचुदाचा! अशा ठिपक्यांवरून आतल्या अणूंची रचना काढायचं आमचं सगळं शास्त्र त्या निळ्या खड्यापासून सुरू झालं. पुढे डोरोथी हॉजकिन यांनी पेनिसिलिनची रचना याच वाटेनं काढली. हे वाचलं तेव्हा मी होस्टेलच्या मेसमध्ये बसले होते. हातातला घास तसाच राहिला आणि मला स्टोअररूममधल्या ओल्या वाळूचा वास आला.

पण खडा वाढवणं म्हणजे काय, ते पुढच्या लोकांनी मला शिकवलं नाही. मोठ्या शहरातल्या माझ्या पीएच.डी.च्या गाइडनी वर्षभर यंत्राला हात लावू दिला नाही. “खान्देशातून आलात ना? मग केळीवर काम करा,” म्हणाले, आणि खोलीभर लोक हसले. माझ्या वाट्याला जिवाणूच्या पापुद्र्यात रुतून बसलेलं एक प्रथिन आलं. अशी प्रथिनं पापुद्र्याबाहेर काढली की विस्कटतात, त्यांचे स्फटिक होता होत नाहीत. चौथ्या वर्षी एका थेंबात सुईसारखा स्फटिक दिसला. मी आनंदानं रडले. मग बारीक सुईनं टोचून बघितला. प्रथिनाचा असता तर चिखलासारखा दबला असता. हा कडक, काचेसारखा तुटला. मीठ निघालं. गाइड म्हणाले, “तुमच्यात पेशन्स नाही.” पेशन्स! नऊ दिवस बंद पंख्याखाली बसलेला माणूस मी पाहिलेला होता, मला ते कोण शिकवणार?

मी तिथून उठले आणि दुसरीकडे गेले. तोवर क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे, म्हणजे गोठवलेल्या थेंबाची इलेक्ट्रॉननी चित्रं घेणाऱ्या यंत्राचे, दिवस आले होते. 2013 मध्ये एका अशाच हट्टी प्रथिनाची रचना स्फटिकाशिवाय निघाली, आणि 2017 चं नोबेल दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन या तिघांना ही पद्धत घडवल्याबद्दल मिळालं. गंमत बघा, जन्मभर स्फटिकाच्या मागे धावले आणि इथे स्फटिकच वैरी. टिकलीएवढ्या, 3 मिलिमीटरच्या जाळीवर थेंब ठेवून तो इतक्या झटक्यात गोठवायचा, की पाण्याला बर्फाचे खडे करायला वेळच मिळू नये. मग लाखो कणांची अंधूक चित्रं जुळवून एक आकार उभा करायचा. ती जाळी बऱ्याचदा तांब्याची असते. लॅबमधले क्ष-किरणसुद्धा पुष्कळदा तांब्याच्याच तुकड्यावर इलेक्ट्रॉन आपटून काढलेले. मोरचूद म्हणजे तरी तांबंच की. तुमचं बोट काही सुटलं नाही.

त्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत हवेची झुळूक चालत नाही, बोलणंही हळू. तिथे उभी असताना मला दर वेळी तुमची पाठ दिसते, दाराकडे वळलेली. किल्ली असलेली माणसं आयुष्यात खूप भेटली हो, नाना. दुसऱ्याच्या खड्यासाठी स्वतःचा वारा बंद करणारं कोणी भेटलं नाही. एखाद-दुसरं असेलही, मी नाही म्हणत नाही. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत, म्हणून मोजली जात नाहीत. कागदोपत्री तुम्ही ‘परिचर’, चौथ्या श्रेणीचे. माझ्या हिशेबात श्रेणी लावणारेच नापास आहेत.

आता ते राहून गेलेलं. आखाजीला मी ओसरीवर टेकले, तर तुम्ही भिंतीला धरत उठलात, पंख्याचं बटण दाबून पाचवर नेलात आणि म्हणालात, “बठ बेटी, गरम व्हई ऱ्हायनं.” तिथेच माझी जीभ अडकली.

नाना, पंखा बंद ठेवायची गरज नव्हती. पेल्यावर गाळणकागद झाकून दोऱ्यानं बांधला असता तरी भागलं असतं. हे मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कळलं, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. सोळा वर्षांची पोर म्हणाली वारा नको, आणि तुम्ही एकदाही ‘का’ विचारलं नाहीत.

नातीला मोरचुदाची पुडी दिली आहे. ते विषारी असतं, हात साबणानं धुवायला सांगा, भांडं स्वयंपाकघरातलं नको. पुडीसोबत गाळणकागद आहे, तो पेल्यावर बांधायचा. पंखा चालू ठेवा.

तुमची,
केळीवाल्यांची मुलगी