फ्रेंच जेवणाला जाण्याआधी

गिरगाव, मुंबई

प्रिय बाळ्या,

काका-काकूंच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांना चांगल्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये न्यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. असं जेवण रंगणार की फसणार, हे बहुतेक वेळा आठवडाभर आधी केलेल्या फोनवरच ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय बघ. काकूंची संकष्टी किंवा एकादशी त्या दिवशी नको. मग दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान फोन कर. तेव्हा दुपारची गर्दी ओसरलेली असते आणि फोनवरच्या माणसाला आत किचनमध्ये जाऊन विचारायला सवड असते. एसीच्या थेट झोताखालचं टेबल नको, हेही तेव्हाच सांग.

आता मुख्य गोष्ट, काकूंचं शाकाहारी जेवण. 'व्हेज मिळेल ना?' एवढंच विचारलंस तर 'हो' म्हणतील आणि त्या 'हो'वर विसंबता येणार नाही. फ्रेंच स्वयंपाक स्टॉकवर उभा आहे. हाडं आणि भाज्या तासन्‌तास मंद उकळून काढलेला हा अर्क सूपमध्ये आणि सॉसमध्ये असतो, पण ताटात दिसत नाही. फ्रेंच ओनियन सूपमध्ये डोळ्यांना दिसतो फक्त कांदा, पाव आणि चीज, पण जुन्या रीतीप्रमाणे त्यातला स्टॉक बीफचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी चिकनचा. वरचं ग्रुयेर चीजही काकूंना चालणारं नाही, कारण ते वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. रोकफोर आणि कोंते या चीजमध्येही प्राणिज रेनेटच असतं. आपल्याकडे बनलेल्या चीजच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असेल तर ते घ्यायला हरकत नाही. मूससारख्या थंड गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, तेही प्राणिज. म्हणून स्टॉक, रेनेट, जिलेटिन, अंडं आणि वाइन, या पाचांबद्दल वेगवेगळं विचार आणि उत्तरं लिहून घे. वाइन उकळली की दारू पूर्ण उडून जाते असं वेटर सांगेल, ते खरं नाही. थोडी उरतेच.

काकू अंडं खात नाहीत, त्यामुळे गोडाची खरी अडचण आहे. क्रेम ब्रुलेत पिवळा बलक, मॅकारोनमध्ये पांढरा, सूफ्लेत दोन्ही. टार्टच्या खालच्या पारीतही अनेकदा अंडं असतं. आधी सांगितलं तर पाकात शिजवलेलं पेअर किंवा फळांचं सॉर्बे, म्हणजे दुधाशिवायचं आइस्क्रीमसारखं गोड, करून देतील. पेअर बऱ्याचदा वाइनमध्ये शिजवतात, तेव्हा साखरेच्या पाकातलं असं स्पष्ट सांग. सॉर्बेतही कुणी पांढरा बलक घालतात, तेही विचार.

मुख्य पदार्थ म्हणून काकूंसाठी रातातुई सुचवतो. वांगं, झुकिनी, सिमला मिरची आणि टोमॅटो, हे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचं साधं खाणं आहे. ते नीट केलं तर प्रत्येक भाजी वेगळी परततात आणि शेवटी एकत्र करतात. सगळं एकदम पातेल्यात टाकलं की टोमॅटोच्या पाण्यात वांग्याचा लगदा होतो. सोबत ग्रातँ दोफिनुआ माग. बटाट्याच्या पातळ चकत्या दूध, क्रीम आणि लसणात भाजलेल्या असतात. अस्सल कृतीत चीज नसतं, तरी काही शेफ वरून घालतात.

काकांना मासा द्यावा. सोल म्यूनिएर असेल तर उत्तम: मैद्यात घोळवून बटरमध्ये तळलेला मासा, लिंबू आणि पार्सली. मुंबईत याच पद्धतीने रावस किंवा जिताडाही करतात आणि माझ्या मते गोठवून आणलेल्या परदेशी माशापेक्षा ताजा जिताडा केव्हाही सरस. बेर ब्लाँ सॉस असेल तर एक पथ्य पाळ. व्हाइट वाइन, व्हिनेगर आणि बारीक कांदा आटवून त्यात थंड बटर थोडं थोडं फेटत हा सॉस करतात. तो जास्त तापला तर फाटतो आणि गार झाला तर थिजतो. ताट समोर आलं की फोटोसाठी थांबू नका, खायला घ्या.

तुझ्यासाठी बदक. गुलाबी मांस नको असेल तर कॉन्फी माग. बदकाची तंगडी मिठात मुरवून स्वतःच्याच चरबीत कमी आचेवर काही तास शिजवतात, ती हाडापासून सहज सुटते. छातीचं मांस, म्हणजे माग्रे, मात्र आतून गुलाबीच देतात. ते 'पूर्ण शिजवा' म्हटलं की चिवट होतं आणि मग दोष शेफला जातो. मेनूवर फक्त 'टेंडरलॉइन', म्हणजे पाठीकडचं मऊ मांस, एवढंच लिहिलं असेल तर कुठल्या जनावराचं ते विचार. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या मांसावरही बंदी आहे, म्हणून ते बहुधा म्हशीचं असतं. फुआ ग्रा, म्हणजे बदकाला किंवा हंसाला जबरदस्तीने चारून फुगवलेलं यकृत, याच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, त्यामुळे ते नसलं तर नवल नाही.

आपण पंगतीत सगळं पानावर एकदम वाढतो, इथे एकामागून एक येतं. खुद्द फ्रान्समध्येही ही रीत एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धतीवरून रुजली, त्याआधी तिथेही अनेक पदार्थ एकदम मांडत. तीन कोर्सना दोन-अडीच तास धर. दहा-बारा छोट्या पदार्थांचा टेस्टिंग मेनू या वेळी घेऊ नकोस. तो चार तासांपर्यंत लांबतो, काकांची पाठ अवघडेल आणि काकूंच्या वाट्याला प्रत्येक वेळी काहीतरी बदलून दिलेलं येईल. साडेसातचं टेबल घे.

अंडं खाणाऱ्यांपैकी कुणाला सूफ्ले हवा असेल तर तो मुख्य पदार्थाबरोबरच सांगून ठेव. तो ऐन वेळी भाजतात, वीसेक मिनिटं लागतात. फेटलेल्या पांढऱ्या बलकातली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि बाहेर आली की आकसते, म्हणून काही मिनिटांतच तो बसतो. आला की लगेच चमचा घाला.

सुरुवातीचा पाव गरम आणि चविष्ट असतो, काकूंना भूक लागलेली असेल, पण त्यावर पोट भरू देऊ नकोस. काटे-सुऱ्यांची धास्ती नको, बाहेरच्यापासून आत येत जायचं. खाऊन झालं की काटा आणि सुरी ताटात शेजारी-शेजारी समांतर ठेवा. फुलीसारख्या राहिल्या तर तुमचं अजून चाललंय असं समजून वेटर थांबतो आणि एका ताटापायी सगळ्या टेबलाचा पुढचा पदार्थ खोळंबतो.

वाइन घेणार असशील तर रेड जरा गार करून माग. ती १६ ते १८ अंशांना चांगली लागते आणि मुंबईची हवा त्याहून खूप गरम. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत पुरतात. आधी घोटभर ओततात तो ती बिघडली नाही ना, हे बघायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बाटली बिनदिक्कत परत कर. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात.

काकूंची साडी, काकांचा झब्बा बिनधास्त चालेल. हाफ पँट आणि चपलांवर मात्र अडवतील. काकूंना एक शाल घ्यायला सांग.

बिलात साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो. ७,५०० रुपयांवर खोलीभाडं असलेल्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर १८. वाइनवर जीएसटी नाही, व्हॅट लागतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२ चे निर्देश आहेत आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. काढायला सांगितलंस तर वाढणाऱ्याच्या हातात टिप मात्र दे.

त्यांचा मेनू व्हॉट्सअॅपवर मागव आणि मला पाठव, काकूंसाठी काय काय विचारायचं ते एकेका पदार्थापुढे लिहून देतो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नाना