मंत्रीसाहेब, सिरीजमधलं घडलेलं किती आणि रचलेलं किती, ते तरी सांगायला लावा

मा. अश्विनी वैष्णव साहेब, माहिती व प्रसारण मंत्री,
सप्रेम नमस्कार.

इंदूरहून लिहितेय, लोकमान्य नगरमधून. आमच्यासारख्या घरांत बोलणं मराठीत आणि टीव्ही हिंदीत, हे आधीच सांगते कारण पुढे ते लागणार आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर 1999 च्या कंदाहार विमान अपहरणाची सिरीज आली तेव्हा अतिरेक्यांची नावं भोला आणि शंकर अशी हिंदू का म्हणून केवढा गदारोळ झाला, तुमच्या मंत्रालयाने नेटफ्लिक्सवाल्यांना बोलावून घेतलं आणि मग सुरुवातीच्या सूचनेत खरी नावं आली. आता गंमत बघा. चीफ, डॉक्टर, बर्गर, भोला, शंकर ही पाचही नावं खुद्द गृहमंत्रालयाच्या 6 जानेवारी 2000 च्या निवेदनात आहेत, विमानात ते एकमेकांना याच नावांनी हाका मारायचे. इब्राहिम अतहर वगैरे खरी नावं पहिल्यापासून द्यायला हवी होती, हे शंभर टक्के मान्य. पण आरडाओरडा झाला तो नेमका जे खरं होतं त्याच्यावर, आणि विमान अमृतसरला पाऊण तासभर उभं असताना दिल्लीत कोण कोणाला काय म्हणालं, सहा एपिसोडमधले ते सगळे डायलॉग कुठल्या रेकॉर्डवरून घेतले आणि किती लेखकाने बसवले, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही!

26/11 वर पण एक हॉस्पिटलची सिरीज आहे. जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू, मी एका दमात बघितली. पण माझा भाचा आता ठासून सांगतो की अतिरेकी बॉम्बे जनरल हॉस्पिटलात घुसले होते. अरे बाबा, ते हॉस्पिटलच काल्पनिक आहे! घुसले होते कामा हॉस्पिटलात, आणि तिथे अंजली कुलथे नावाच्या सिस्टरने वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना एका छोट्याशा पॅन्ट्रीत नेऊन वाचवलं, पुढे कसाबविरुद्ध साक्षही दिली, 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. त्याच रात्री सीएसटीवर विष्णू झेंडे गोळीबार चालू असताना माइकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत होते. भाच्याला ही दोन्ही नावं माहीत नाहीत, सिरीजमधल्या डॉक्टरचं मात्र तोंडपाठ.

सिरीजच्या सुरुवातीला 'यातलं काही काल्पनिक आहे' अशी सूचना असते हो, माहितीय. कशी असते ते आमच्या आत्याच्या टीव्हीवर येऊन बघा. आवाज हिंदी, सूचना इंग्रजीत, काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं, आत्या चष्मा शोधेपर्यंत गायब. आणि याच टीव्हीवर हिरोने सिगारेट पेटवली रे पेटवली की खाली ठळक इशारा येतो, तोही ज्या भाषेत सिरीज चाललीय त्याच भाषेत, कारण 2023 च्या तंबाखूच्या नियमांत ओटीटीला तसं बंधनच घातलंय. म्हणजे सरकारने मनावर घेतलं की होतं. 2021 च्या आयटी नियमांत वयाचं रेटिंग आहे, तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत, पण अशा सूचनेचं काय?

बंदी घाला किंवा कात्री चालवा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट तेच नकोय, उद्या त्या कात्रीने सरकारला अडचणीचा भागच आधी कापला जाईल. मागणी एवढीच की खऱ्या हल्ल्यावर सिरीज काढली तर सूचना ऐकू येईल अशी, त्याच भाषेत द्या, आणि प्रत्येक एपिसोडच्या शेवटी कोणतं पात्र खरं, कोणतं दोन-चार माणसं मिळून बनवलेलं, कोणता प्रसंग घडलाच नव्हता ते सरळ लिहा. अर्धा मिनिट लागेल.

आणि 6 जानेवारीचं ते निवेदन तुमच्याच सरकारचं आहे ना, मग गदारोळाच्या पहिल्याच दिवशी हिंदीत करून लोकांपुढे ठेवायला काय हरकत होती? पुढच्या सिरीजच्या वेळी तेवढं करा.

उत्तर हिंदीत दिलंत तरी चालेल.

आपली,
लोकमान्य नगर, इंदूरची एक प्रेक्षक