‘स्टेट म्हणजे राज्यच की’: ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंगच्या फीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: चार नर्सेसची ‘प्रोग्रॅम निवड व प्रवेश साहाय्य’ फी परत करण्याबाबत

काल दुपारी तुमच्या सिनिअर काउन्सेलरने बोलता बोलता फोन ठेवला. तो सहावा फोन होता. आता लेखी.

आम्ही चौघी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या स्टाफ नर्स. प्रत्येकीकडून १८,५०० रुपये, म्हणजे एकूण ७४,००० रुपये तुम्ही घेतलेत. जाहिरात होती ‘वर्किंग रजिस्टर्ड नर्ससाठी अमेरिकन पदवी, शंभर टक्के ऑनलाइन, एकही सुटी न घेता’. त्यातून आमच्यासाठी निवडलात आरएन-टू-बीएसएन, म्हणजे आधीच रजिस्टर्ड नर्स (आरएन) असलेल्यांना नर्सिंगची पदवी (बीएसएन) देणारा अमेरिकन कोर्स. तो आम्हाला लागूच होत नाही, आणि हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

आरएन-टू-बीएसएन कुणासाठी असतो? अमेरिकेत असोसिएट डिग्री (दोनेक वर्षांची छोटी पदवी) किंवा डिप्लोमा करून, एनसीएलईएक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेल्या नर्ससाठी. तिथे परवान्याला पदवी लागत नाही, पण मोठी रुग्णालयं पदवीधर मागतात आणि न्यूयॉर्कने तर २०१७ साली कायदाच केला, की नव्या आरएनने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत पदवी घ्यावी. पदवीचे साधारण १२० क्रेडिट. आधीच्या शिक्षणाचे आणि परवान्याचे धरून नर्सिंगचे तीसेक उरतात. बेडसाइडचं शिक्षण आधीच झालेलं असतं, म्हणून बाकीचं ऑनलाइन उरकतं. तरीही बऱ्याच ठिकाणी सामुदायिक आरोग्याचं प्रात्यक्षिक प्रत्यक्ष करावं लागतं. ‘शंभर टक्के’ ही तुमची भर. आणि प्रवेशाची पहिली अट बहुतेक सगळीकडे एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू, निर्बंध नसलेला आरएन परवाना.

अर्जात त्याचा रकाना आहे. त्याबद्दल तुमच्या प्रतिनिधीशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते, कारण ते ऐकल्याशिवाय तुमचा विश्वास बसणार नाही.

“मॅडम, तुम्ही आरएनच ना?”
“आरएन-आरएम. महाराष्ट्राची.”
“मग झालं की. आरएन म्हणजे आरएन.”
“इथे ‘स्टेट लायसन्स नंबर’ विचारलाय.”
“तुमचा टाका.”
“तो मुंबईच्या कौन्सिलचा आहे.”
“मॅडम, स्टेट म्हणजे राज्यच की. महाराष्ट्र राज्य नाही का?”

मी गप्प झाले. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी होकार असा घेतला असावा, कारण पुढे म्हणाले, “तुम्ही सिस्टर लोक फार शंका काढता. पेशंटला सलाइन लावताना एवढं विचारता का?”

हो. विचारतो. नाव, औषध, मात्रा, मार्ग, वेळ, सगळं विचारतो आणि बाटलीवरची मुदतही वाचतो. तुमच्याकडे १८,५०० रुपये घेण्याआधी यातलं एकही विचारत नाहीत. त्या रकान्यात भलता नंबर टाकला तर प्रवेश जाईलच, शिवाय उद्या तिकडच्या नर्सिंग बोर्डाकडे परवाना मागताना खोटी माहिती दिल्याचा डाग लागेल तो अर्जदाराला. तुमच्या प्रतिनिधीला नव्हे.

माहितीपत्रकात ‘अमेरिकन मान्यताप्राप्त’ असंही आहे. कोणाची मान्यता? कॉलेजची संस्था म्हणून असलेली मान्यता वेगळी आणि नर्सिंग प्रोग्रॅमची, सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या तिकडच्या संस्थांची, वेगळी. दुसरी नसेल तर पुढे मास्टर्सला अडतं. हा प्रश्न दोनदा विचारला. उत्तर आलं, “ऑल.” ऑल!

हे जमत नाही म्हटल्यावर त्याच फीत ‘इंडियन ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंग’ पुढे केलंत. युजीसीच्या २०२० च्या विनियमांत ऑनलाइन आणि दूरशिक्षणाने शिकवण्यास मनाई असलेल्या विषयांची यादी आहे. त्यात वैद्यकीय, फार्मसी, फिजिओथेरपीच्या रांगेत नर्सिंगही आहे. डीईबी-आयडीचं, म्हणजे अशा प्रवेशासाठी लागणाऱ्या युजीसीच्या ओळख क्रमांकाचं, विचारलं तर “तो नंतर जनरेट होतो.” नाही होत. तो विद्यार्थ्याने स्वतः पोर्टलवर आधी काढायचा असतो, मग प्रवेश. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या पोस्ट बेसिकचा (जीएनएमनंतरच्या बी.एस्सी. नर्सिंगचा) दाखला देऊ नका. तो तीन वर्षांचा, प्रवेश परीक्षेचा, आणि प्रॅक्टिकलला केंद्रावर हजेरी लावायचा. घरबसल्याचा तो कधीच नव्हता.

जीएनएमला इथे बढतीसाठी पदवी हवी असेल तर सरळ वाट पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची: दोन वर्षं, पूर्णवेळ, अभ्यासरजा मंजूर करून. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि पदवी कौन्सिलकडे वाढीव अर्हता म्हणून नोंदते का, हे फी भरण्याआधी पाहायचं. अमेरिकेला जायचं असेल तर क्रम उलटा: आधी जीएनएमच्या कागदांचं मूल्यांकन, मग एनसीएलईएक्स, मग राज्याचा परवाना, मग नोकरी, आणि शेवटी आरएन-टू-बीएसएन. तेव्हा रुग्णालय फीचा वाटाही उचलू शकतं. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत तिथे करमुक्त असते. मूल्यांकनाचे कागद नर्सिंग स्कूल आणि कौन्सिलकडून थेट जावे लागतात, मधल्या माणसाच्या हातून नव्हे. मग तुमचं ‘कागदपत्रांचं सगळं आम्ही बघतो’ कशाचं होतं?

म्हणजे तुमच्या काउन्सेलरने दोनच प्रश्न विचारायचे होते: परवाना कुठला, आणि पदवी कुठे वापरायची. तेवढ्याचीच फी होती. परत सांगते, कोर्सची नव्हे, निवडीची फी होती.

तुमच्या करारात लिहिलंय, ‘कंपनी ही शैक्षणिक संस्था नाही’. बरं झालं लिहिलंत. ‘शिक्षण ही सेवा नव्हे’ हा ग्राहक आयोगापुढचा विद्यापीठांचा बचाव मग तुम्हाला उरत नाही. १५ दिवसांत ७४,००० रुपये त्याच चार खात्यांवर आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल, आणि जाहिरातीची प्रत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाईल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला तिथे दहा लाखांपर्यंत दंड आहे. आमच्या नर्सेस होस्टेलच्या नोटीस बोर्डावर तुमचं पत्रक अजून आहे. मीच लावलं होतं, याची मात्र लाज वाटते.

पुढचा फोन करू नका. लेखी कळवा.

चार अर्जदारांच्या वतीने,
इनचार्ज सिस्टर, मेल सर्जिकल वॉर्ड

सोबत: पावत्या चार, करार एक, जाहिरातीची प्रत एक, परवान्याचा रकाना कोरा ठेवलेला अर्ज एक.