बागेतली मांजरं आणि डांबर गोळ्यांचे सल्ले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बागकामाच्या सदरात, वाचकांच्या प्रश्नोत्तरात आणि आता तर मोबाईलवर रोज कुठून ना कुठून येणाऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न हमखास असतो, शेजारपाजारची मांजरं आमच्या बागेत येऊन शी करून जातात, काय करावं? आणि त्याखाली उत्तरंही तीच तीच. डांबर गोळ्या टाका, मिरची पूड पसरा, फिनेल मारा. एक जण लिहितो, दुसरा तेच उचलतो, आणि मग खरंच कुणीतरी जाऊन मूठभर डांबर गोळ्या वाफ्यात टाकून येतं. ह्या सल्ल्यांनी मांजर मरू शकतं आणि बागेतली घाण मात्र थांबत नाही, हे कुणी धड सांगतच नाही म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते, ज्यांच्या बागेत हे होतं त्यांचा राग अगदी खरा आहे. ज्याने स्वतः बी पेरून रोपं वर यायची वाट बघितलीये त्यालाच ते कळतं. आदल्या संध्याकाळी खुरपून, ढेकळं फोडून सपाट केलेला वाफा सकाळी बघावा तर मधोमध खड्डा, कडेला उकरलेल्या मातीचा ढीग, चार पानांवर आलेली रोपं उलटी पडलेली, त्यांची मुळं उन्हात, आणि नीट करायला हात घालावा तर तो वास, जो दोनदा साबण लावला तरी बोटांना राहतोच. लहान मूल मातीत खेळत असेल तर काळजी वेगळीच. तेव्हा "अहो मुकं जनावर आहे, जाऊ द्या" म्हणून ह्या माणसांना गप्प बसवणं मला पटत नाही. माझा मांजरांवरही जीव आहे आणि बागेवरही, आणि दोन्ही सांभाळता येतात, फक्त मांजराच्या मागे लागायचं सोडून मातीकडे बघायला पाहिजे.

मांजर हे करतं का ते बघा ना. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातलं रानमांजर. सुटी कोरडी माती दिसली की हुंगायचं, उकरायचं, बसायचं, वळून परत हुंगायचं आणि पुढच्या पंजाने माती ओढून झाकायचं, हे पिल्लू काही आठवड्यांचं असतानाच सुरू होतं, फारसं शिकवावं लागत नाही. मांजर माणसाजवळ आलं तेही शेतीपायीच, धान्य साठवलं तिथे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर, सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय ते साधारण ९५०० वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे आपण माती खणतोय आणि मांजर तिकडे येतंय हे फार जुनं असणार. त्याला हवी असते मऊ, कोरडी, उघडी आणि जरा आडोशाची जागा. नवा वाफा म्हणजे नेमकं तेच. शिवाय एकदा तिथे झालं की वास राहतो, वास राहिला की ते पुन्हा तिथेच येतं आणि दुसरीही येतात. काठी घेऊन धावलात तर तेवढ्यापुरतं पळेल, पण मांजरं जास्त हिंडतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, तेव्हा तुम्ही कुठे कुठे पहारा देणार.

आता त्या डांबर गोळ्या. त्यात बहुतेक वेळा नॅप्थलीन असतं आणि ते मांजराला विषारी आहे, रक्तातल्या तांबड्या पेशींवर परिणाम होतो, लिव्हरवर होतो. मांजराच्या लिव्हरमध्ये असली रसायनं निष्प्रभ करून बाहेर टाकणारी यंत्रणा फार दुबळी असते, माणसाला किंवा कुत्र्याला जे थोडंफार निभावून जातं ते मांजराला निभत नाही. फिनेल, टी ट्री ऑइल, निलगिरीचं तेल, संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल, हे सगळंच त्यामुळे मांजराला घातक ठरू शकतं. आणि लोक म्हणतात ना की मांजर काय ते खायला जाणारे का, तर नाही जाणार, ते फक्त त्यावरून चालेल, मग कुठेतरी उन्हात बसून पंजे चाटून साफ करेल, की गेलं पोटात. मिरची पूड तशीच पंजावरून डोळ्यात जाते, जनावर तडफडतं, आणि झाडांना पाणी घातलं की पूड वाहून जाते, दुसऱ्या दिवशी वाफा परत उघडाच. कॉफीचा चोथा टाका म्हणतात, त्यातलं कॅफीन मांजर आणि कुत्रा दोघांनाही वाईट. डांबर गोळी तर लहान मूलही उचलून तोंडात घालू शकतं, हा विचार सल्ला देणारे करतात का? अमोनिया असलेल्या क्लीनरने फरशी धुवायचा सल्ला देतात तो तर अगदी उलटा आहे, मुताचा वास अमोनियासारखाच असतो त्यामुळे मांजराला वाटतं इथे आधीच कुणीतरी करून गेलंय. रंगीत पाण्याच्या बाटल्यांनी कुणाचं नुकसान होत नाही पण मांजर त्यांच्या शेजारी बसून निवांत आपलं काम उरकतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला अशी ही गत आहे.

खरं काम आहे उघडी माती झाकायचं. पहिल्यांदा, जिथे घाण झालीये तिथली माती आजूबाजूच्या थोड्या मातीसकट हँडग्लोव्ज घालून काढून टाका, वास तिथेच ठेवून वर काहीही केलं तरी उपयोग नाही. मग भरपूर पाणी द्या. नवीन पेरलेल्या वाफ्यावर सरळ तारेची जाळी आडवी अंथरा, बोट-दोन बोट भोकांची, कडा खाली वळवून मातीत दाबा म्हणजे टोकं कुणाला लागणार नाहीत, वर मातीचा अगदी पातळ थर. रोपं भोकांतून आरामात वर येतात, मोठ्या रोपापुरती जाळी कापून घ्यायची, आणि मांजराने पंजा मारला की नखाला तार लागते, उकरता येत नाही, ते दुसरीकडे जातं. कुणाला काही इजा नाही. जाळी नसेल तर छाटणीत निघालेल्या काड्या वीतभर उंचीच्या, चार-चार बोटांवर वाफाभर उभ्या खोचून ठेवा, टोकं बोथट हवीत हे विसरू नका. मांजराला वळून नीट बसायला जागा लागते, ती मिळाली नाही की ते बसत नाही. कुंड्यांच्या मातीवर हाताला लागतील असे गोटे, मोठ्या झाडांच्या बुंध्याशी जाडीभरडी साल किंवा सुकलेल्या काटक्यांचं आच्छादन. पण बारीक भुसा किंवा कोकोपीट वर पसरू नका, ते मांजराला मातीपेक्षाही जास्त आवडतं, लोक मल्चिंग म्हणून ते टाकतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात. झाडं दाट लावली, जमिनीवर पसरणाऱ्या वेली-रोपट्यांनी माती दिसेनाशी केली की वर्षभराचा प्रश्न मिटतो. तोपर्यंत संध्याकाळी मातीचा वरचा थर ओलसर ठेवला तरी बराच फरक पडतो, ओल्या मातीत पाय घालायला मांजराला नको असतं (झाडांना झेपेल एवढंच पाणी अर्थात). मुलांच्या खेळायच्या वाळूला मात्र झाकणच हवं, तिथे दुसरा उपाय नाही.

आणि हे सगळं करून मांजराला जागाच ठेवली नाही तर ते शेजाऱ्याच्या वाफ्यात जाणार, म्हणजे भांडण पुढे सरकवलं फक्त. म्हणून एक कोपरा त्यांना द्या. हे ऐकून लोक चिडतात की आमच्या बागेत आम्ही त्यांना संडास बांधून देऊ का, पण याच्याइतका उपयोगी पडणारा उपाय मला तरी माहीत नाही. मांजरं जिथून येतात त्या बाजूला, झुडपाच्या आडोशाला, एक उथळ रुंद खोका घ्या, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावा, तळाला पाणी निथळायला भोकं, वर पाऊस लागणार नाही असं छप्पर, आत वीतभर बारीक कोरडी वाळू. सुरुवातीला जुन्या जागेवरची थोडी घाण झालेली माती त्यात टाकायची, वासावरून त्यांना कळतं. वाफे झाकलेले आणि इथे मऊ कोरडी वाळू, मग मांजर कशाला जाळीशी झगडेल? फक्त रोजच्या रोज ते उचलायचं, घाण झालेला खोका मांजर सोडून देतं आणि पुन्हा वाफ्याकडे वळतं. उचललेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, घरच्या कंपोस्टमध्ये एवढी उष्णता होत नाही की त्यातले जंतू मरतील, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

रोजच्या रोज उचलायला सांगतेय त्याला दुसरंही कारण आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लोकांसाठी तो गंभीर ठरू शकतो. याच्यावरून घबराटही फार पसरवली जाते, म्हणून नीट सांगते. मांजर हा परजीवी साधारणपणे पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकतं, आणि बाहेर पडल्यापडल्या तो संसर्ग करू शकत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे त्याच दिवशी उचललं तर धोका जवळपास संपतो, पण मातीत तसंच राहिलं तर तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. बागेत काम करताना हँडग्लोव्ज, नंतर हात साबणाने, बागेतली पालेभाजी नीट धुऊन, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करायचं. नुसतं मांजर कुरवाळून सहसा हे होत नाही आणि नीट न शिजवलेल्या मांसातूनही हा परजीवी येतो, त्यामुळे सगळा दोष मांजरावर टाकून ते घराबाहेर काढू नका.

यंत्रांबद्दल थोडक्यात. अल्ट्रासाउंडची यंत्रं मिळतात, आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात, ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्राने मांजर बागेत शिरण्याची शक्यता साधारण ३२ टक्के कमी झाली होती. म्हणजे जोड म्हणून ठीक. हालचाल दिसली की पाणी उडवणारं सेन्सरचं स्प्रिंकलर मला जास्त बरं वाटतं, मांजर दचकतं, भिजतं आणि ती वाट टाळायला शिकतं.

भिंतीवर, कुंडीवर जो उग्र वास येतो तो मात्र वेगळा विषय. ते बोके शेपटी उभी करून फवारा मारतात, हद्द सांगायला, त्याचा मातीशी संबंध नाही आणि जाळीने थांबणार नाही. नसबंदी केलेल्या बहुतेक बोक्यांचं हे एकतर थांबतं नाहीतर खूप कमी होतं, मारामाऱ्या आणि लांबलांब भटकणंही कमी होतं. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, म्हणजे ऑपरेशन लांबवलं की बागेत येणारी तोंडं वाढलीच. पकडून लांब नेऊन सोडलं तर रिकाम्या जागेवर दुसरी येतात आणि सोडलेलं मांजर बिचारं अनोळखी जागी हाल काढतं.

माझं मांजर पाळणाऱ्यांना आणि भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्यांनाही कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही वाटी ठेवता तर वाळूचा खोकाही तुमच्याच दारात ठेवा, घरातल्या मांजरांना जेवढी मांजरं तेवढे खोके आणि वर एक जास्तीचा, आणि ऑपरेशन करून घ्या. खाऊ घालणारा एक आणि घाण उचलणारा दुसराच, हे जिथे चालतं तिथेच कधीतरी कुणीतरी विषाची पुडी आणतं. आणि बागवाल्यांनी शेजाऱ्याशी बोलताना तक्रार घेऊन न जाता जाळीचा एक तुकडा आणि खोका कुठे ठेवायचा हा प्रश्न घेऊन जावं, मांजर कुणाचं हे ठरायच्या आधीच बरंचसं काम होऊन जातं.

आपल्याला विनंती एवढीच, की प्राण्यांना बागेतून घालवायचा कुठलाही घरगुती उपाय छापायच्या आधी तो एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावा, आणि डांबर गोळ्या, फिनेल, मिरची पूड यांच्याबद्दल मांजर-कुत्र्यांना होणाऱ्या अपायाची चौकट बागकामाच्या पानावर ठळक द्यावी, पेरणीच्या दिवसांच्या आधी दिली तर जास्त बरं, कारण वाफे उघडे पडतात ते तेव्हाच.

आपली,
एक नियमित वाचक