एक गाठ राखून ठेवल्याबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

शाळेच्या दारात रोज भेट होत असताना पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्ष आभार मानायला मी दोनदा आलो होतो. एकदा आपण पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेत होता, आणि दुसऱ्यांदा माझाच घसा दाटून आला, तेव्हा मुलीची पाण्याची बाटली वर्गात राहिली आहे असे काहीतरी सांगून मी परत फिरलो. म्हणून आता लिहितो आहे, आणि ते चार लोकांनी वाचावे अशा बेताने उघडपणे लिहितो आहे.

मागच्या वर्षापर्यंत माझी मुलगी तालुक्याच्या गावातील एका नावाजलेल्या शाळेत जात होती. त्या शाळेचे नाव मी लिहीत नाही. तिसरीत असताना शिवजयंतीच्या निमित्ताने मुलांना एक प्रश्नपत्रिका दिली होती आणि तिच्यात गाळलेली जागा होती, की शिवाजी महाराजांचा जन्म अमुक किल्ल्यावर झाला. माझ्या मुलीने तेथे ‘शिवनेरी’ लिहिले आणि जागा उरली म्हणून पुढे बारीक अक्षरात ‘आमच्या गच्चीवरून दिसतो तो’ असे लिहिले. तपासून आलेल्या कागदावर त्या चार शब्दांवरून लाल शाईची जाड रेघ ओढलेली होती आणि अर्धा गुण कापलेला होता. त्याच आठवड्यात तिने वर्गात विचारले की महाराजांची जयंती वर्षातून दोनदा का येते, तर आगाऊपणा करते म्हणून तिला तास संपेपर्यंत उभे केले. मीही त्या वेळी शहाणपणा केला नाही. ‘पुस्तकात आहे तेवढेच लिहीत जा’ असे मीच तिला सांगितले. त्यानंतर ती काही विचारीनाशी झाली, आणि शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेली माझी आठ वर्षांची मुलगी आल्यागेल्याला सांगू लागली की मला इतिहास येत नाही.

जूनमध्ये आम्ही तिला आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला घातले, ते इतिहासासाठी नव्हे, फी परवडेनाशी झाली म्हणून. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आपल्या वर्गात दोन जयंत्यांचा तोच प्रश्न दुसऱ्या एका मुलाने विचारला, तेव्हा माझी मुलगी मान खाली घालून आता काय होते ते पाहत होती, असे तिने मला नंतर सांगितले. आपण उत्तर दिले नाही, उलट प्रत्येकाला घरी जाऊन स्वतःची जन्मतिथी विचारून यायला सांगितले. हिचा जन्म 15 जुलै 2016 चा, त्या दिवशी आषाढी एकादशी होती. यंदा, म्हणजे 2025 साली, आषाढी 6 जुलैला आली. म्हणजे हिचेही वाढदिवस दोन निघाले, आणि फाल्गुन वद्य तृतीया व 19 फेब्रुवारी यांचे कोडे तिला आपोआप उलगडले. पुढे आपण त्यांना हेही सांगितलेत की पूर्वी जन्मसाल 1627 मानत असत. पण जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार घटनांची जुनी नोंद, लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली आणि तिच्यातील 1630 च्या जन्मनोंदीमुळे अभ्यासकांना फेरविचार करावा लागला. आम्हीही चौथीला शिवचरित्रच शिकलो, सनावळ्या घडाघडा म्हटल्या, पण एखादे साल चुकलेले असू शकते आणि एखादा जुना कागद ते दुरुस्त करू शकतो, ही गोष्ट मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मुलीकडून कळली.

सुतळीबद्दल तर किती लिहावे! एक वीत म्हणजे दहा वर्षे, एवढा साधा हिशेब धरून आपण मुलांना त्यांच्याच वितीने सुतळी मोजायला लावली. हिचे सगळे आयुष्य एका वितीच्या आत संपले, मी चार वितींवर सापडलो, आणि महाराजांच्या जन्मापर्यंत पोहोचायला साडेएकोणचाळीस विती लागल्या, म्हणजे वर्गाच्या दारापासून जवळजवळ फळ्यापर्यंत. मग कोणीतरी नाणेघाटातील दगडी रांजणाचे विचारले, तेव्हा तो घाट आणि तिथला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांच्या घरातला आहे असे सांगून आपण सुतळीचा पूर्ण गुंडाच त्यांच्या हाती दिलात. दोनशे विती मोजता मोजता मुले व्हरांडा उतरून, झेंड्याच्या खांबाला वळसा घालून हापशापर्यंत गेली. कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे येणारा माल ज्या वाटेने चढत होता ती वाट किती जुनी आहे, हे मला कोणी आकड्यात सांगितले असते तर मी ‘बरं’ म्हणून सोडून दिले असते. माझी मुलगी हापशापाशी उभी राहून मागे वळली, तेव्हा वर्गाच्या दारातल्या मैत्रिणी तिला बोटाएवढ्या दिसत होत्या. घरी येऊन तिने एवढेच सांगितले, की महाराज आपल्याला जवळचे आहेत, नागनिका फार लांब आहे.

पण हे पत्र सुतळीसाठी नाही. श्रावणात मुलीला ताप आला आणि ती चार दिवस शाळेत येऊ शकली नाही. नेमक्या त्याच दिवसांत आपण मुलांना घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची सर्वांत जुनी आठवण विचारून आणायला सांगितली होती. ज्याची आठवण त्या सालावर गाठ मारायची आणि गाठीला चिठ्ठी बांधायची. ही परत आली तेव्हा भिंतीवरची सुतळी चिठ्ठ्यांनी भरली होती, आणि आपले राहून गेले असे मनाशी धरून ती मुकाट्याने जागेवर बसली. तेवढ्यात तिला सुतळीच्या टोकाशी एक कोरी चिठ्ठी सैल सुरगाठीत अडकवलेली दिसली आणि तिच्यावर आपल्या अक्षरात तिचे नाव होते. चिठ्ठीखाली लहान अक्षरात ‘हिची गाठ बाकी आहे’ असे लिहिले होते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपल्या माणसासाठी जागा धरावी, तशी आपण ती धरून ठेवली होती. संध्याकाळी तिने दप्तर फेकले आणि मला म्हणाली, “बाबा, मी नव्हते तरी मी होते.”

त्या रात्री ती आजीजवळ बसली. माझ्या आईचे माहेर पारनेर तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात, बारा वर्षांची असताना, ती आपल्या आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खात होती, सुकडी हा दुष्काळी कामावर वाटला जाणारा खाऊ मिळायचा तो दिवस सणाचा वाटत होता. डाव्या अंगठ्याचे तिचे नख वाकडे आहे, ते मी जन्मापासून पाहतो आहे. ते हातोडीने चेचले होते हे मला ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. आपण मात्र मुलीला लगेच गाठ मारू दिली नाही. आजीला साल कशावरून आठवते, असे विचारून तिला पुन्हा घरी पाठवलेत. धाकट्या मामाचा जन्म त्याच वर्षीचा, असे आईने सांगितले, आणि दुसऱ्या एका मुलाच्या आजोबांची दुष्काळाची चिठ्ठीही त्याच ठिकाणी होती, म्हणून गाठ पक्की झाली.

बाई, आपल्यावर सर्वेक्षणे आहेत, निवडणुकीची कामे आहेत, मोबाइलवर भरायच्या माहितीला तर अंतच नाही. एवढ्या धबडग्यात गैरहजर मुलीच्या नावाची चिठ्ठी लिहायला आपल्याला फार तर अर्धा मिनिट लागला असेल, आणि आपण ते केव्हाच विसरूनही गेला असाल. चांगुलपणा करणाऱ्यांचे बहुधा असेच होते, त्यांना काही विशेष केल्याचे वाटत नाही. लाल रेघ ओढणाऱ्यांनाही ते काही विशेष केल्याचे वाटले नसेल, हेही मला कळते, आणि तरीही माझा राग अजून गेलेला नाही.

आजी परवा शाळेत येऊन ती गाठ चष्मा लावून पाहून गेली, तेव्हा आपण बैठकीला गेला होता, म्हणून तिचा निरोप येथेच लिहितो. पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीला पाणी आले आणि तिच्या वडिलांनी विकलेल्या बैलाच्या जागी नवा बैल आणला, त्या सालाचीही एक गाठ चालेल का, असे बाईंना विचार, असे तिने सांगितले आहे.

आपला,
चौथीतील एका मुलीचा पालक