डाव्या पंखाखालची लाली

मंगळवार, रात्री साडेनऊ

प्रिय शैला,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी दोन पत्रं आली, दोन्ही देवघरातल्या फळीवर आहेत, दोन्हींचं उत्तर राहिलं. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. आज सकाळी एका पिल्लाचा पंख उचलला आणि खाली लाल दिसलं. डावाच पंख, शैला. आणखी कुणाला सांगू? इथे सांगितलं की "कोंबडीचं पिल्लू ते, असेल लाल" एवढंच ऐकायला मिळतं. पिल्लांची कातडी सडली त्या वर्षी टॉर्च तू धरली होतीस. लाल म्हणजे कुठलं लाल, हे तुला सांगावं लागणार नाही.

तब्येत ठीक. गुडघा पावसाला सुरुवात झाली की धरतो तसा धरलाय. आप्पांना ऐकू कमी येतं, बाकी बरे आहेत.

तर पिल्लं. चाळीस, गिरिराज जातीची, आज एकोणिसावा दिवस. सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून. मर एकही नाही. सकाळपासून चाळीसही पिल्लं एकेक करून हातात घेतली, ओटीवर, सावलीतल्या उजेडात. बल्बखाली कातडीचा रंग बघायचा नाही हे तुझंच शिकवणं. पिवळ्या बल्बखाली निरोगी कातडी तांबूस दिसते, लाल बल्बखाली तर काहीच कळत नाही. (लाल बल्बवरून आपण जेवढं भांडलो तेवढं कशावरूनच नाही. लाल उजेडात एकाची जखम बाकीच्या पिल्लांना दिसत नाही, म्हणून ती टोचत नाहीत, हे तुझं खरं. ती आपल्यालाही दिसत नाही, हे माझं खरं. मी अजून पांढऱ्यावरच आहे.)

अडतीस पिल्लांना दोन्ही पंखांच्या आत, मांड्यांच्या आतल्या अंगाला आणि पोटाच्या कडेला कातडी लाल आहे. दोन्ही बाजूंना सारखी, कोरडी, खपली नाही. अंगठ्याने दोन सेकंद दाबून सोडलं की जागा पांढरी पडते आणि लगेच पुन्हा लाल होते. म्हणजे रक्त शिरांतच आहे, कातडीखाली सांडलेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात लव गळत असते, पिसांचे कोंब नुकते फुटत असतात, आणि गिरिराजचं अंग पिसांच्या पुढे धावतं. मधली कातडी उघडीच राहते. नरांची पिसं मागे पडतात, त्यांची जास्त. त्यात उकाडा असेल तर अंगातली उष्णता बाहेर टाकायला रक्त त्याच उघड्या कातडीकडे येतं. कोंबडीला घाम नाही, तिच्याकडे धापा टाकणं, पंख अंगापासून लांब धरणं आणि ही कातडी, एवढीच साधनं. उघड्या मानेच्या कोंबडीची मान ऊन लागून लागून कशी लालबुंद होते ते आठव, आणि ती किती ठणठणीत असते.

पण उकाडा आला कुठून, हेही शोधलं. थर्मामीटर भिंतीवर होता, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. तो खाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, तुसापासून दोन इंचांवर टांगला तर ३३ अंश! पहिल्या आठवड्यात ३५, मग दर आठवड्याला ३ अंश कमी, म्हणजे आता २९ पुरे. पावसाची झड येते म्हणून रात्री गोणपाटाचे पडदे सोडले होते, सकाळी ते कुणी उचलले नाहीत, आणि साठ वॅटचे दोन्ही बल्ब दीड फुटावर तसेच. एक बल्ब काढला, दुसरा दोन फुटांवर नेला. पडदे खालून बांधून वरून एक हातभर उघडे ठेवले. पडदा नेहमी वरून उघडायचा, म्हणजे कोंडलेली दमट हवा वरून जाते आणि वारा पिल्लांच्या अंगावर येत नाही. इथे सगळे खालून गुंडाळतात, आणि मग पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करून बसली की थंडी वाजतेय म्हणून आणखी एक बल्ब लावतात. चार वाजेपर्यंत पिल्लं खोलीभर पसरली होती आणि बहुतेकांची लाली गुलाबीवर आली.

एकोणचाळिसाव्याची लाली वेगळी. पायाच्या सांध्यामागे आणि छातीच्या हाडावर तपकिरी-लाल चट्टे, दाबून पांढरे न होणारे. हे भाजणं आहे, ओल्या तुसातल्या अमोनियाचं. पाण्याच्या भांड्याभोवती तुसाची पोळी जमली होती. मूठभर तूस घट्ट दाबून सोडलं तर लाडू तसाच राहिला. हलकेच सुटायला हवा. उभं राहून वास येत नव्हता, खाली बसून नाक पिल्लांच्या उंचीला नेलं तर डोळ्यांत पाणी आलं. पोळी खरवडून बाहेर काढली, दोन इंच कोरडं तूस नवं घातलं, भांड्याखाली विटा ठेवल्या. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीइतकी उंच असली की पाणी सांडत नाही. वहिनी चुना भुरभुरायला निघाली होती, तिला थांबवलं. ओल्या तुसावर चुना पडला की आधी अमोनियाच जास्त सुटतो, आणि कळीचा चुना असेल तर पायही भाजतात. चुना रिकाम्या खोलीत, पिल्लं आत नसताना.

जागेचंही तेच. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवती पाच फूट व्यासाचं कडं, म्हणजे साधारण वीस चौरस फूट, चाळिसांना पुरलं. चार आठवड्यांनंतर प्रत्येकी एक चौरस फूट लागेल. मी कडं काढलं होतं, पण फळ्या लावून जागा तेवढीच ठेवली होती. त्या आज हलवल्या.

आता चाळिसावं.

डाव्या पंखाखाली, पंख अंगाला मिळतो तिथे, रुपयाएवढा डाग. गडद लाल, जांभळ्याकडे झुकणारा. उजवीकडे काहीच नाही. दाबलं तर पांढरा होत नाही. तुला आता जे आठवलं असेल तेच मलाही आठवलं. मी खाली बसले, हात स्वच्छ धुतले आणि आधी बोटाने हलकेच चाचपलं. चुरचुर लागत नाही. पापड बोटाखाली मोडल्यासारखं त्या वेळी लागलं होतं, ते अजिबात नाही. कातडी ओली नाही, सुटत नाही, वास नाही. ते सडणं क्लॉस्ट्रिडियम जंतूंचं असतं, कधी सोबत स्टॅफिलोकोकस, आणि बहुतेक चार आठवड्यांनंतर येतं. हे एकोणीस दिवसांचं आहे. पण गंबोरोने किंवा पिल्लांच्या ॲनिमियाच्या विषाणूने आतली ताकद आधीच खाल्ली असेल तर वयावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गंबोरोची लस मनात घोळत राहिली. त्या आठवड्यात दोनदा लाइट गेली होती. कुपी २ ते ८ अंशांत राहिली का? बर्फाच्या डब्यात ठेवली होती, बर्फ वितळला नव्हता, मिसळल्यापासून तासाभरात संपवली. तरी दुपारभर तेच डोक्यात.

मग एकेक कारण बाजूला केलं. कातडीखाली हिरवट-निळं पाणी साचलं असतं तर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची कमतरता. पावसाळ्यात खाद्य खवट झालं की ई जीवनसत्त्व आधी जातं. तसं पाणी नाही, आणि पोतं दहा दिवसांपूर्वीचंच आहे, पंधरा दिवसांच्या वर मी साठवत नाही. देवीचे फोड आधी तुऱ्यावर, डोळ्यांभोवती येतात, ते नाहीत. पायाच्या नळ्यांवर लाल ठिपके, तुरा निळा, आणि एका रात्रीत पाच-दहा मेलेली, असं बर्ड फ्लूसारखं काही असतं तर पत्र लिहीत बसले नसते, जनावरांच्या डॉक्टरांच्या १९६२ या क्रमांकाला फोन लावला असता आणि एकाही पिल्लाला घराबाहेर नेलं नसतं. २००६ चं नवापूर आणि २०२१ चं परभणीचं मुरुंबा आपण विसरलेलो नाही.

राहिल्या टोचणं आणि किडा. टोचण्याचा संशय मला जास्त. पिसाचा कोंब तुटला की रक्त येतं, एकाने लाल पाहिलं की दहा धावतात. खाद्याचा हिशेब तपासला आणि तिथे चूक सापडली. वहिनी आठवडाभर स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्यात, निम्म्या तांदळाच्या कण्या मिसळत होती, महाग पडतं म्हणून. स्टार्टर वीस टक्के प्रथिनांचा, कण्या जेमतेम आठच्या, मिळून चौदा. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिन, आणि त्याला मेथिओनिन हा प्रथिनातला घटक लागतो. तो नसला की पिल्लू दुसऱ्याच्या पिसात शोधतं. कण्या बंद. लसूणघासाची जुडी पिल्लांच्या डोक्याच्या जरा वर टांगली, चोचीला काम राहील. ती तुझीच युक्ती, तेव्हा मी नावं ठेवली होती. ते शब्द परत घेते.

किड्यासाठी आत्ताच जाऊन आले. पांढरा रुमाल पिल्लाखाली धरून पंख आणि शेपटीखालची पिसं उलटी चोळली. पिवळसर उवा पळताना दिसतात, लिखांचे झुबके पिसाच्या बुडाशी असतात. नाहीत. तांबडा किडा दिवसा अंगावर नसतोच, फटीत असतो, म्हणून मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसायच्या दांडीची फट चाकूने खरवडली. चाकूवर लाल ओरखडा उठला, शैला. रक्त प्यालेले किडे आहेत. पिल्लांच्या खोलीत अजून नाहीत, पण खुराडं चार हातांवर. पुठ्ठ्याचे नळीदार तुकडे पिल्लांच्या भिंतीच्या फटींत खोचलेत, किडे असले तर त्यांत शिरतील, सकाळी उकळत्या पाण्यात टाकून बघेन. उद्या खुराडं रिकामं करून तूस जाळायचं, दांड्या काढून उकळतं पाणी, फटी बुजवून चुन्याचा हात. सात दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर सात दिवसांनी आणखी एकदा, कारण अंडी एका फटक्यात मरत नाहीत. इतक्या लहान पिल्लांना औषधी पूड मी माझ्या मनाने लावणार नाही, डॉक्टर गुरुवारी येतात. शेजारच्या काकू रॉकेलचा बोळा घेऊन आल्या होत्या. त्यांना हात जोडून परत पाठवलं. रॉकेलने किडा मरतो की नाही ते नंतर, कातडी आधी पोळते, आणि मग ती लाली कशाची म्हणून आणखी एक दिवस जातो.

आणि हो, तू कडकनाथ घे म्हणून मागे लागली होतीस. त्यांची कातडीच काळी. तुझ्या पिल्लांना कधी लाली येत नाही हे तू अभिमानाने लिहिलंस, पण ती दिसणार कशी! तुला वजनावर लक्ष ठेवावं लागेल, हे मनापासून सांगते. रोज सकाळी पाच पिल्लं काट्यावर ठेव.

चाळिसावं आता पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, सोबतीला एक शांत पिल्लू दिलंय, एकटं ठेवलं तर ओरडून खात नाही. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ, त्याने पुसलं, मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं. आणि डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली. दर सहा तासांनी बघायचं. रेघेबाहेर लाल गेलं, ओलं झालं किंवा पिल्लू खायचं थांबलं तर डॉक्टरांची वाट न बघता सकाळच्या पहिल्या गाडीने मीच त्याला घेऊन जाणार. खातंय, गळ्याखालची पिशवी भरलेली लागते. दुपारी चारला १८० ग्रॅम होतं.

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याची ॲडमिशन? नवीन घरात पाणी येतं का नीट? मागच्या पत्रात तू ऑफिसातल्या बदलीचं लिहिलं होतंस, ते काय ठरलं ते सविस्तर लिही. मी उत्तर देईन, या वेळी नक्की. मावशींना नमस्कार.

त्या वर्षी पहिल्या दिवशी डाग केवढा होता, ते तुला आठवतं का? मला रुपयाएवढा आठवतो, पण भीतीने मोठा आठवत असेल. तू वहीत लिहून ठेवायचीस. वही असेल तर ते पान बघ आणि कळव.

तुझी,
मंदा

ता. क. दहा वाजता पुन्हा बघून आले. खालच्या बाजूला लाल रेघेच्या आत सरकलंय, गव्हाच्या दाण्याएवढं. वरच्या बाजूला जिथल्या तिथे. पुढची वेळ पहाटे चारची. पाकीट बंद करत नाही, चारला काय दिसतं ते लिहूनच टाकेन.

चार वाजून दहा मिनिटं. वरची बाजूही रेघेच्या आत आहे. कडेला हिरवट-पिवळं व्हायला लागलंय, मुका मार उतरताना होतं तसं. पिल्लू खोक्याच्या कडेवर चढून बसलं होतं.